राखण

भिंतीवर काचा लावल्या तेव्हा
बाटल्या भोईरच्या पोराने आणून दिल्या, फुकट.
फोडताना म्हणाला, काका, रमच्या काचेला धार जास्त.
मी सिमेंट थापत गेलो.
हिरवी, तपकिरी, हिरवी,
मध्येच एक निळी, कसल्याशा पोटाच्या औषधाची.
संध्याकाळी ऊन उतरलं की अंगणात रंग सांडतात
आणि खारी ते पंजाने धरायला जाते.

खारी आंधळी नाही, नुसती भोळी.
आंधळा तो हवालदार.
उजवा डोळा गेलेला, डाव्याला उजेड कळतो तेवढाच.

फाटकावर पाटी: कुत्र्यांपासून सावध राहा.
वाचून कुणी सावध झाल्याचं आठवत नाही.
पोस्टमन हवालदाराची मान खाजवून जातो.

छत्तीस वर्षं मी कांजूरच्या मिठागरावर रात्रपाळी केली.
काठी, कंदील, मग बॅटरी, मग मोठी बॅटरी.
चोर यायचे. गोणी, दोन गोणी,
कुणी नुसतीच टोपी भरून.
चांदण्यात ढीग असे दिसायचे
की चोरसुद्धा हळू बोलायचे.
शेठचं मीठ राखलं, शेठचंच खाल्लं.
आता भांडुप गावात स्वतःचं राखायचं तर आहे काय?
पाऊण गुंठा अंगण, एक शेवगा, पितळेचा नळ,
द्वारकी होती तेव्हा तिने लावलेली अबोली,
आणि ही दोन तोंडं.

माघात नळ गेला.
रात्रभर पाणी वाहिलं असणार,
अबोली चिखलात आडवी.
कुणी भुंकलं नव्हतं.
भिंतीशी बिस्किटाचा पुडा, आतून चाटून पुसलेला,
आणि रुतलेली एक चप्पल, डाव्या पायाची,
पट्टा तारेने शिवलेला.
निळ्या काचेवर थोडं रक्त.

खारीला विचारलं, मीठ कुणाचं खातेस गं?
ती शेपूट हलवत राहिली.
बरोबर आहे म्हणा.
बिस्किट गोड होतं.

केणी म्हणाले, उपाशी ठेव,
उपाशी कुत्रं तिखट होतं.
त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाची तीन पिल्लं
कुणीतरी पोत्यात घालून नेली
आणि नाल्याजवळची काळी
मटणाचा एक तुकडा खाऊन
उजाडेपर्यंत थरथरत मेली.
तेव्हा मी पाटीखाली खडूने लिहिलं,
कुत्र्यांना काही घालू नये.
दवाने पुसतं. पुन्हा लिहितो.
रात्री दोनदा उठून
भिंतीची आतली कड बोटांनी चाचपतो,
काही पडलंय का.
सांगायला लाज वाटते,
त्यांनी मला राखावं म्हणून आणली होती.

चप्पल हवालदाराने घेतली.
तिच्यावर हनुवटी टेकून झोपायचा,
जागा झाला की आधी तीच हुंगायचा.

मग एका दुपारी
फाटक नीट उघडून, नीट लावून
बूटवाला माणूस आला.
टेप काढली. शेवग्यापासून नळाच्या खुंटापर्यंत मोजलं.
म्हणाला, सहजच. आणि प्यायला पाणी मागितलं.
खारी त्याच्या बुटांवर लोळली.
हवालदार मात्र चप्पल सोडून उठला
आणि सहा वर्षांत मी न ऐकलेला आवाज
कुठून तरी, पोटाच्याही खालून, वर आणला.
माणूस गेला. टेपचं टोक मागाहून गेलं,
खारी त्याच्या मागे, खेळ समजून.

त्या रात्री मी चप्पल धुतली.
तार काढली, दाभणाने सुतळी घातली,
भिंतीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली.
शेजारी कागदात दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी.
मीठ जरा जास्तच पडलं होतं.

सकाळी दोन्ही नव्हतं.
भाकऱ्या कावळ्याने नेल्या असतील.
चप्पल कावळा नेत नाही.

हवालदार दिवसभर
रिकाम्या जागेवर हनुवटी टेकून होता.
मी नवा नळ आणला, प्लास्टिकचा.
केणी म्हणाले, निळी काच सैल झालीय, बदल.
हो म्हणालो.